बाईंच्या वहीचं डावं पान

हेडमास्तरसाहेब, सगळे गुरुजी, बाई मंडळी, पालक मंडळी, सुतकात असूनही इथे येऊन बसलेले दिघे बाईंचे बंधू, आणि सतरंजीवर अगदी पुढे बसलेली माझी सहावी ब.

मला बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे हात बोलतात, तेही सुईदोरा असला तर. आज सुई नाही, म्हणून ही एक वही हातात धरून उभा आहे. हातात काही असलं की माणूस कमी थरथरतो. हेडमास्तरसाहेब मला म्हणाले, आप्पा, पाच मिनिटं बोला, बाईंचे गुण सांगा आणि बसा. साहेब, गुण सांगायला तुम्ही शिकलेली माणसं आहात. मी बाईंची एक रीत सांगणार आहे, आणि माझी एक चूक सांगणार आहे. रीत पाच मिनिटांत सांगून होईल. चुकीला किती लागतील ते सांगता येत नाही.

पालकांपैकी काहींना मी ठाऊक नसेन. मी परब. सगळे आप्पा म्हणतात. अंधेरी स्टेशनाबाहेर माझा बुकबाइंडिंगचा गाळा आहे. आठवड्यातून दोन तास शाळेत हस्तकलेला येतो आणि मुलांना वह्या शिवायला शिकवतो. माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल, तर गावच्या शाळेत दुसरी इयत्ता. पुढचं वाचायला शिकलो ते शिवता शिवता. दुमडलेल्या पानांचा जुडगा मध्यावर उघडायचा, तिथे टाका घालायचा. टाका घालताना जे पान समोर येईल ते वाचायचं. त्यामुळे पुष्कळ पुस्तकांची मधली पानं मला पाठ आहेत आणि शेवट एकाचाही ठाऊक नाही. दिघे बाई यावरून मला नेहमी हसायच्या. म्हणायच्या, आप्पा, तुम्ही सुखी आहात, तुमच्या पुस्तकात कुणी मरत नाही.

आज मेलं, बाई.

थांबतो जरा.

आजच्या सभेला मुलांना बसवू नये, असं काही जणांचं म्हणणं होतं. कोवळी मनं आहेत, घरी पाठवा. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मी स्वतः तीस वर्षं हेच म्हणत आलोय. पण मी साहेबांच्या पाया पडलो आणि म्हटलं, बाई कुणाच्या गेल्या? तुमच्या सहकारी गेल्या, माझ्या ओळखीच्या गेल्या. बाई गेल्या त्या ह्या पोरांच्या. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनाच बाहेर बसवायचं, ही कुठली रीत? तेव्हा साहेबांनी ऐकलं. साहेब, तुमचे उपकार आहेत.

आता ऐका.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीत शकुंतला नावाची मुलगी होती. आज ती मागे भिंतीपाशी बसली आहे, मांडीवर लेकरू आहे. तिला विचारूनच सांगतोय. तिची आई गेली. तेरा दिवसांनी पोरगी शाळेत आली. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मास्तरांच्या खोलीत बसून ठरवलं की तिला काही म्हणून विचारायचं नाही. प्रश्न विचारायचा नाही, फळ्यापाशी बोलवायचं नाही, गृहपाठ नसला तर बोलायचं नाही, आईचं नाव तर काढायचंच नाही. आम्हाला वाटलं आपण केवढे दयाळू.

माझ्या तासाला मी सगळ्यांना सुया वाटल्या. शकुंतलेला दिली नाही. मनात आलं, पोरीचं चित्त थाऱ्यावर नसेल, बोटात घुसेल. शेजारणीला सांगितलं, तू तुझी वही झाली की हिची शीव. आणि शकुंतला तासभर मांडीवर हात ठेवून बसली. चाळीस पोरं शिवतायत आणि ही आपल्या तळहाताकडे बघतेय.

संध्याकाळी दिघे बाई गाळ्यावर आल्या. तेव्हा त्यांना शाळेत येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. आल्या त्या सरळ विचारत्या झाल्या, आप्पा, तुम्ही तिला सुई का दिली नाहीत?

मी म्हटलं, "बाई, पोरीवर दुःख कोसळलंय."

"दुःख कोसळलंय," बाई म्हणाल्या, "हात नाही गेले तिचे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. कालची पोर मला शिकवते. पण पुढच्या तासाला शकुंतलेला सुई दिली. तिने वही शिवली. टाके कसे? एक इथे, एक तिथे, एक वाट चुकलेला. पण शिवली. मान खाली घालून, ओठ दाबून शिवली. आणि मी काय केलं असेल? शाळा सुटल्यावर ती वही घेऊन बसलो, तिचे टाके उसवले आणि माझ्या हाताने नीट घातले. म्हटलं, पोरीला छान वही मिळू दे, तेवढंच मनाला बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली, कण्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आप्पा, हे माझे टाके नाहीत."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. वही तिथेच बाकावर ठेवून गेली. ती वही आजही माझ्या गाळ्यात फळीवर आहे.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. बाई दहा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांची आई गेली. शाळेत परत गेल्या, तर गुरुजींनी वर्षभर त्यांना एक प्रश्न विचारला नाही. माया होती हो त्यांची. पण बाई म्हणाल्या, आप्पा, घरी आई नव्हती आणि शाळेत मी नव्हते. माझ्यावरून सगळ्यांची नजर अशी सरकायची, जशी भिंतीवरून सरकते. मला वाटायला लागलं, आईबरोबर मीसुद्धा गेले की काय. आणि वर ते तेरा दिवस. वर्ग तेरा दिवस पुढे गेलेला. कोण कुणाशी भांडलं, कुणाला शिक्षा झाली, हसतायत कशावर, काही कळेना. गणित मागून भरून निघालं. ते हसणं नाही भरून निघालं.

त्या बोलण्यातून वहीची ही रीत निघाली, मंडळी. ज्या मुलाच्या घरी कुणी गेलं, त्याच्यासाठी त्याच दिवसापासून वर्गाने एक वही सुरू करायची. कुणाचं तेरा दिवसांचं सुतक, कुणाचे चाळीस दिवस, आणि आपल्या मरोळ गावठाणातली ख्रिस्ती मुलं तर तिसऱ्या दिवशी हजर. जितके दिवस मूल येणार नाही तितके दिवस वही. रोज एकाने लिहायचं. उजव्या पानावर त्या दिवशी जे शिकवलं ते. डाव्या पानावर त्या दिवशी जे घडलं ते. डाव्या पानावर खोटं लिहायचं नाही, आणि उपदेशही लिहायचा नाही. वही मी शिवून द्यायची.

आणि रोज सकाळी हजेरी घेताना बाई त्या मुलाचंही नाव घ्यायच्या. पूर्ण नाव, आडनाव आधी, हजेरीपटावर असतं तसं. नाव वगळायचं नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्याने उभं राहून सांगायचं, "गैरहजर, बाई. वही चालू आहे." मग पुढचं नाव.

त्या वह्यांची डावी पानं मी वाचली आहेत. शिवणाऱ्याचा तेवढा हक्क असतो. काय काय लिहायची पोरं. आज ड्रिलला गुरुजींची शिट्टी वाजली नाही म्हणून त्यांनी तोंडाने वाजवली. आज इन्स्पेक्टर आले होते, तेव्हा गणूने गंगेचा उगम सह्याद्रीत सांगितला आणि इन्स्पेक्टर छान म्हणाले. आज आरे कॉलनीत सहलीला जायचं ठरलं, पण तू आल्याशिवाय जायचं नाही असं बाई म्हणाल्या. ही शेवटची ओळ वाचून तुम्हीच सांगा, घरात कोंडून बसलेल्या पोराला शाळेत यावंसं वाटेल की नाही?

आता वसंताची गोष्ट. वसंता आता अकरावीत आहे, तो बघा खिडकीपाशी. त्यालाही विचारलंय. त्याचे वडील गोदीत कामाला होते, माझ्याच बाजूचे, मालवणकडचे. ते वारले आणि आई त्याला घेऊन दिवस करायला गावी गेली. इकडे वही सुरू झाली. सहाव्या दिवशी डाव्या पानावर एका पोराने लिहिलं, आज मधल्या सुट्टीत कावळ्याने गोडबोल्याची पोळी डब्यातून उचलून नेली आणि गोडबोल्या त्याच्यामागे आख्खं मैदान धावला.

शाळेत गहजब झाला. ज्या घरात पिंडाला कावळा शिवायची वाट बघतायत, त्या घरच्या पोराला कावळ्याची गंमत? एक गुरुजी म्हणाले, ते पान फाडा. दुसरे म्हणाले, त्या पोराला समज द्या. मीसुद्धा म्हटलं, बाई, मी असं अलगद काढतो की कळणारसुद्धा नाही.

बाईंनी मला विचारलं, शिवलेल्या वहीतलं एक पान काढलं तर त्याच्या जोडीच्या पानाचं काय होतं?

मी म्हटलं, सुटतं. आज ना उद्या गळून पडतं. एकाच कागदाची दोन पानं असतात ती.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "घडलंय ते घडलंय. त्याच्याशी खोटं बोलून त्याला परत घ्यायचं नाहीये मला."

पान राहिलं. वसंता आला. मुंडण केलेलं, डोक्यावर टोपी कानापर्यंत ओढलेली. त्याची आई सोडायला आली होती. बाईंना म्हणाली, "बाईनू, ह्येना धा दिसात तोंड उघडूक नाय. जेवता, निजता, पण बोलणा नाय." बाईंनी तिला तिथेच दाराशी बसायला स्टूल दिलं. हजेरी झाली. वसंताचं नाव आलं, त्याने नुसता हात वर केला. बाईंनी वही त्याच्या हातात दिली आणि भूगोल शिकवायला लागल्या. त्या दिवशी मी चिकटवायची खळ न्यायला आलो होतो, दारात उभा राहिलो. वसंता डावीच पानं वाचत होता. सहाव्या दिवसाच्या पानावर थांबला. पुष्कळ वेळ थांबला. मग तो उभा राहिला आणि भर वर्गात म्हणाला, "बाई, आमच्याकडे नाही आला कावळा."

बाई खडू खाली ठेवून त्याच्या बाकापाशी गेल्या.

"दुपारपर्यंत नाही आला. मग दर्भाचा केला. सगळे म्हणाले बाबांची इच्छा राहिली. मला ठाऊक आहे काय राहिली ते. बाबा म्हणाले होते, रत्नागिरीचा नकाशा काढ आणि आपलं गाव दाखव. मी म्हटलं मग काढतो, आणि खेळायला गेलो."

मंडळी, बाईंच्या जागी मी असतो तर काय म्हटलं असतं? अरे बाळा, तसं काही नसतं, वेडा कुठला, चल विसरून जा. तुम्हीही तेच म्हटलं असतं. परत टाके उसवले असते आपण. बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. बाईंनी विचारलं, "गाव खाडीच्या अलीकडे की पलीकडे?" तो म्हणाला पलीकडे. बाई म्हणाल्या, "मग काढ. आम्ही थांबतो." आणि भूगोलाचा सगळा तास चाळीस पोरं थांबली. गोडबोल्याने त्याला रंगीत पेन्सिल दिली. नकाशा झाला. किनारा जरा जास्तच वाकडा. गाव तांबड्या टिंबाने दाखवलं. आणि मग तो रडला, दहा-बारा दिवसांचं एकदम. बाईंनी त्याला थांबवलं नाही. आई दारातून उठून आली, तिने तो नकाशा घडी करून कमरेला खोचला आणि पोराला वर्गातच ठेवून घरी गेली.

ज्या पानासाठी मी कात्री काढली होती, त्या पानाने पोराला वाचा दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलंय आणि तरीही पुढचं केलंय. म्हणून तर इथे उभा आहे.

आता मी सहावी ब शी बोलणार आहे. बाकीच्यांनी नुसतं ऐकावं.

बाळांनो, बाई आजारी पडल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिघं-चौघं माझ्या गाळ्यावर आलात. म्हणालात, आप्पा, बाईंची वही शिवून द्या, बाई गैरहजर आहेत. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. मी वही दिली. चांगला कागद घातला, निळं कापड लावलं. तुम्ही रोज लिहीत होतात. आणि रोज मला विचारत होतात, आप्पा, बाई कधी येणार? मी म्हणालो, सोमवारी.

मला ठाऊक नव्हतं. सोमवार मी मनानेच काढला. तुमची तोंडं बघवेनात म्हणून काढला.

शुक्रवारी मी इस्पितळात गेलो. बाईंचे बंधू होते तिथे, ते साक्षीला आहेत. बाई फार बारीक झाल्या होत्या, पण पहिला प्रश्न तुमचाच. वर्ग काय करतोय? मी म्हटलं, वही लिहितोय तुमची. हसल्या. डावी पानंसुद्धा? म्हटलं, डावीच जास्त. मग त्यांनी विचारलं, "त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंय?"

"सोमवारी येतील, असं सांगितलंय."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाल्या, "आप्पा, परत टाके उसवलेत तुम्ही."

मग डोळे उघडून म्हणाल्या,

"उद्या तुमचा तास आहे ना? खरं सांगा. बाई फार आजारी आहेत, बऱ्या होतील की नाही ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. एवढंच सांगा."

मी म्हटलं, पोरं घाबरतील हो.

"घाबरू देत. मीसुद्धा घाबरलेय. निदान एकत्र घाबरू."

मी त्यांना हो म्हटलं. हात हातात घेऊन हो म्हटलं. आणि शनिवारी तुमच्या तासाला आलो. तुम्ही आपसांत कामं वाटून घेतली होती, फळ्यावर काय लिहायचं, कुणी टेबल पुसायचं, कुणी चाफा आणायचा. तुमच्यातलं कुणीतरी विचारलं, आप्पा, सोमवारी नक्की ना? मला तोंड होतं. जीभ होती. चाळीस मिनिटं होती. मी म्हटलं, "हो, आणा चाफा."

रविवारी दुपारी बाई गेल्या.

सोमवारी सकाळी काय झालं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते मोठ्याने बोलायची कुणाची हिंमत नाही. आपल्या शाळेची रीत आहे. लांब घंटा म्हणजे आनंदाची घंटा. सामना जिंकला, पाहुणे आले, सुट्टी मिळाली, की लांब घंटा. गुरुजनांपैकी कुणी वारलं तर त्यांच्या मानासाठी शाळेला सुट्टी द्यायची, हीपण रीत आहे. दोन्ही रीती चांगल्या. पण त्या सकाळी एकावर एक पडल्या. आधी घंटा वाजली, आणि ती कशासाठी ते सांगायला साहेब जिना चढून येईपर्यंत तुमच्या वर्गाला वाटलं, बाई आल्या. बाई आल्या म्हणून सुट्टी. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. बाकांवर चढून वाजवल्यात. फुलं घेऊन व्हरांड्यात धावलात. मी व्हरांड्याच्या टोकाला उभा होतो. तुमच्यातल्या एकीने मला विचारलं, बाई कुठे आहेत? आणि मी फरशीकडे बघितलं.

तेव्हापासून तुमच्यातली काही मुलं जेवत नाहीत. एक मुलगी हजेरीला ओ देत नाही. नाव मी सांगणार नाही, बाईंनीही सांगितलं नसतं. तिची आई परवा गाळ्यावर आली होती. म्हणाली, आप्पा, पोर सारखी एकच विचारते, "आई, मी टाळ्या कशाला वाजवल्या?"

बाळ, इकडे बघ. नाही बघितलंस तरी चालेल, ऐक. तुम्ही सगळीच ऐका. त्या टाळ्या बाई गेल्या म्हणून नव्हत्या. बाई आल्या म्हणून होत्या. आयुष्यात माझ्यासाठी अशा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कुणासाठी वाजल्या असतील असंही मला वाटत नाही. त्यात तुमची चूक कणभर नाही. चूक माझी आहे. मी शनिवारी खरं बोललो असतो तर सोमवारी घंटेला तुम्ही घाबरला असता, धावला नसता. मी तुमच्या जागी बसून तुमचं दुःख नीटनेटकं करायला गेलो. बाईंनी दोनदा सांगून मी तिसऱ्यांदा तेच केलं. मी साठीचा माणूस तुमची माफी मागतो. लगेच देऊ नका. द्यावीशी वाटली तर द्या.

आता शिक्षक मंडळींना एकच मागणं. नव्या बाई मिळेपर्यंत सहावी ब ची मुलं अ आणि क मध्ये वाटून बसवायचं ठरतंय, असं कानावर आलं. साहेब, मी शिवणारा माणूस आहे. एक पुस्तक उसवून त्याची पानं दोन पुस्तकांत घातली तर तिन्ही पुस्तकं वाचता येत नाहीत. तेरा दिवस तरी त्यांना त्यांच्या वर्गात राहू द्या. आळीपाळीने कुणीतरी जाऊन बसा. शिकवा, गृहपाठ द्या, चुकलं तर चुकलं म्हणा. त्यांना सुई द्या. कुणी मध्येच रडलं तर पाठ फिरवू नका, आणि कुणी मध्येच हसलं तर डोळे वटारू नका. बाईंचं नाव निघालं तर निघू द्या. नाहीच निघालं तर तुम्ही काढा. मला दुसरं काही कळत नाही, आणि हे कळायलाही फार उशीर झाला. साहेब मान हलवतायत. मी तो होकार धरतो.

ही ती वही. सोमवारनंतर कुणी हिला हात लावला नाही, बाईंच्या टेबलावर पडून होती. परवा मी गाळ्यावर नेली. आधी वाटलं, इथवरच बांधून टाकावी, छान पुठ्ठा घालून बाईंच्या घरी द्यावी. रात्रंदिवस तोच विचार. मग सोमवारचं डावं पान उघडून बघितलं. कोरं आहे. म्हणून मी हिला आणखी कोरी पानं जोडून आणली आहेत. मी एक अक्षर लिहिलेलं नाही, एक पान काढलेलं नाही, तुमचा एकही टाका उसवलेला नाही. तुमच्यातल्या कुणीतरी मध्येच पांढऱ्या दोऱ्याने एक जाडजूड टाका घातलाय, तोही तसाच ठेवलाय. सोमवारचं पान तुम्ही लिहा. घंटेचं लिहा, टाळ्यांचं लिहा. आप्पा खोटं बोलले, तेही लिहा. डाव्या पानाचा नियम मोडायचा नाही. नव्या बाई येतील तेव्हा ही वही त्यांच्या हातात द्या, म्हणजे त्यांना कळेल की आपण कुठल्या वर्गात आलोय.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहायची पद्धत आहे, राहू. पण मुलांनो, ज्याला रडू येईल त्याने रडावं, दाबू नये. मी रडणार आहे.

त्याआधी एक राहिलंय. बाई गैरहजर असताना त्यांची हजेरी आजवर कुणी घेतलेली नाही. आज मी घेतो. काय म्हणायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला म्हणवेल त्याने म्हणावं. नाही म्हणवलं तर बाकीचे म्हणतील.

दिघे सरला गोविंद.